जठराची घडी घालणारा शल्यविशारद

छातीतील जुनाट जळजळीवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला ज्यांना मिळाला आहे, त्यांच्या कानावर ‘निस्सेन’ हा शब्द कधी ना कधी पडलेला असतो. डॉक्टरांच्या आपसातील बोलण्यात तो इतक्या सहजपणे येतो, की ते एखाद्या उपकरणाचे किंवा औषध कंपनीचे नाव असावे असा रुग्णाचा समज व्हावा. प्रत्यक्षात हे एका माणसाचे आडनाव आहे. फुफ्फुसात युद्धाची जखम घेऊन जगलेला, ऐन उमेदीत मायदेश सोडावा लागलेला, चार देशांत चार वेळा संसार मांडलेला आणि आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केलेला हा माणूस. रुडॉल्फ निस्सेन हे त्यांचे पूर्ण नाव. ज्या शस्त्रक्रियेमुळे हे नाव जगभर रूढ झाले, तिची कल्पना त्यांना एका निराळ्याच शस्त्रक्रियेतून सुचली, आणि सुचल्यावरही ती प्रत्यक्षात यायला जवळजवळ वीस वर्षे जावी लागली.

निस्सेन यांचा जन्म सप्टेंबर १८९६ मध्ये सायलेशिया प्रांतातील नाइसे या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे गाव जर्मनीत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि ते नीसा या नावाने पोलंडमध्ये गेले. वडील शल्यचिकित्सक होते, त्यामुळे मुलाची वाट घरातच आखलेली होती. वैद्यकाचे शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि हा विद्यार्थी जर्मन सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाला. तेथे लागलेल्या गोळीने फुफ्फुसाला झालेली जखम त्यांना आयुष्यभर छळत राहिली. पुढे ज्या डॉक्टरने छातीच्या शस्त्रक्रियेत नाव कमावले, त्याची स्वतःची छाती अशी आधीच जायबंदी होती.

युद्ध संपल्यावर शिक्षण पुरे करून त्यांनी काही काळ फ्रायबुर्ग येथे लुडविग अशॉफ या थोर विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काढला. १९२१ मध्ये ते म्युनिकला फर्डिनांड साउरब्रुख यांच्याकडे गेले. छाती उघडताच फुफ्फुस मिटते आणि रुग्ण दगावतो, ही अडचण ओलांडण्यासाठी कमी दाबाची बंद खोली वापरण्याचा प्रयोग या साउरब्रुख यांनी १९०४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे केला होता. स्वभावाने तापट, सहकाऱ्यांवर गरजणारे, पण हाताखालच्या माणसातील गुण चटकन ओळखणारे अशी त्यांची ख्याती होती. १९२७ मध्ये त्यांना बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाचे बोलावणे आले, तेव्हा निस्सेनही बरोबर गेले आणि लवकरच त्यांचे उजवे हात बनले.

१९३१ मध्ये बर्लिनमध्ये बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापुढे आली. छातीला झालेल्या अपघातानंतर तिचे एक फुफ्फुस पुवाने भरून निकामी झाले होते. पूर्ण फुफ्फुस काढल्यावर माणूस जगल्याचे उदाहरण तोवर नव्हते. पहिल्या प्रयत्नात फुफ्फुसाच्या मुळाशी हात घालताच तिचे हृदय थांबले. ते पुन्हा सुरू करण्यात यश आले आणि शस्त्रक्रिया तिथेच आवरती घेण्यात आली. असा अनुभव आल्यावर पुन्हा त्याच वाटेला जाण्याचे धाडस फार थोडे जण करतील. निस्सेन यांनी काही दिवसांनी पुन्हा छाती उघडली, या वेळी फुफ्फुसाच्या मुळाशी आवळून बांधले आणि ते तसेच ठेवले. रक्तपुरवठा तुटलेले फुफ्फुस यथावकाश गळून पडले. मुलगी बरी झाली. माणसाचे संपूर्ण फुफ्फुस काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. निस्सेन तेव्हा अवघे पस्तिशीचे होते.

पुढच्या दोन वर्षांत सारे पालटले. हिटलर सत्तेवर आल्यावर १ एप्रिल १९३३ रोजी ज्यू दुकानदार, वकील आणि डॉक्टर यांच्यावर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. त्याच आठवड्यात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा झाला. महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यात सूट होती, आणि फुफ्फुसात गोळी झेललेल्या निस्सेन यांच्याहून त्या सवलतीला अधिक पात्र कोण असणार? त्यांनी ती सवलत घेतली नाही. ते देश सोडून निघाले. त्यांचे गुरू मागे राहिले, त्याच वर्षी नव्या राजवटीच्या बाजूने जाहीर सभेत उभे राहिले आणि पुढे काही छळग्रस्तांना मदतही करत राहिले. साउरब्रुख यांच्याविषयी इतिहासकारांचे एकमत आजही होत नाही ते यामुळेच. शिष्याचा निर्णय मात्र सरळ होता. एवढे स्पष्ट आणि एवढ्या लवकर पाहण्याची दृष्टी त्या काळात पुष्कळांना नव्हती, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

त्याच वेळी तुर्कस्तानात अतातुर्क विद्यापीठाची जुनी घडी मोडून नवी बसवत होते. जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांना आसरा हवा होता आणि इस्तंबूलला शिक्षक हवे होते. झुरिचमध्ये निर्वासित शास्त्रज्ञांनी उभारलेल्या मदत संस्थेने दोघांची गाठ घालून दिली. अट अशी, की काही वर्षांत तुर्की भाषेत शिकवायचे आणि तुर्की भाषेत पाठ्यपुस्तके तयार करायची. तोवर दुभाष्याच्या मदतीने व्याख्याने द्यायची. निस्सेन इस्तंबूल विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्रमुख झाले. बर्लिनच्या तुलनेत साधने तुटपुंजी होती आणि रुग्णांचा ओघ अफाट.

१९३६ च्या सुमारास या इस्तंबूलमध्ये अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण त्यांच्याकडे आला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी झालेला व्रण इतका खोल गेला होता, की तो हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचला होता. अन्ननलिकेचा तो भाग कापून काढून उरलेले टोक जठराला जोडणे भाग होते. असे सांधे टिकत नसत. ते उसवले की आतील अन्नरस छातीत पसरे आणि रुग्ण हाती लागत नसे. सांध्याला आधार मिळावा म्हणून निस्सेन यांनी अन्ननलिकेचे टोक जठराच्या भिंतीच्या दुमडीत बसवले आणि वरून टाके घातले. जठरात बाहेरून नळी बसवताना ती भिंतीच्या घडीत लपेटण्याची युक्ती शल्यचिकित्सकांना पूर्वीपासून ठाऊक होती. तीच त्यांनी येथे वापरली. हेतू फक्त टाक्यांच्या रक्षणाचा होता.

रुग्ण वाचला. पण खरी गोष्ट पुढे आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्या सीमेवरचा पहारा एकदा काढून टाकला, की जठरातील आम्ल वर चढून अन्ननलिका भाजून काढते, हा ठरलेला अनुभव. या तरुणाला मात्र वर्षे उलटली तरी जळजळ नव्हती. कुठल्याही शल्यचिकित्सकाच्या हातून असे सुखद अपवाद घडतात आणि विस्मृतीत जातात. निस्सेन यांनी हा अपवाद नोंदीत जपला. देश बदलले, रुग्णालये बदलली, तरी तो तरुण त्यांच्या हिशेबातून सुटला नाही.

हा पहारा म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे समजून घ्यायला हवे. अन्ननलिका श्वासपटलातील एका छिद्रातून पोटात उतरते आणि जठराला मिळते. मिळते ती सरळ नव्हे, तिरकी. त्यामुळे जठराचा वरचा फुगीर भाग तिच्या डाव्या बाजूला घुमटासारखा उभा राहतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायू, श्वासपटलाच्या छिद्राची पकड आणि ही तिरकी जोडणी असे तीन अडसर मिळून आम्लाला वर येऊ देत नाहीत. स्नायू सैल पडले, किंवा छिद्र रुंदावून जठर छातीत सरकू लागले, म्हणजेच हायटस हर्निया झाला, की अडसर निकामी होतात. जठराच्या आतील अस्तर आम्ल सोसण्यासाठीच घडलेले असते. अन्ननलिकेचे तसे नाही. तिला व्रण पडतात, ती आक्रसते, घास अडकू लागतो. काहींच्या बाबतीत अस्तराची जात बदलून पुढे कर्करोगाचा धोका निर्माण होतो. आपल्याकडे ज्याला सरसकट अॅसिडिटी म्हटले जाते, त्यातील काही रुग्णांचे दुखणे असे असते. सर्वांचे नव्हे, आणि या फरकाकडे पुढे वळायचेच आहे.

१९३९ मध्ये निस्सेन अमेरिकेत पोहोचले. बर्लिन आणि इस्तंबूल येथे प्राध्यापकपद भूषवलेल्या, छातीच्या शस्त्रक्रियेत इतिहास घडवलेल्या या माणसाला आता संशोधक सहायक म्हणून बॉस्टनमध्ये बसावे लागले. व्यवसायाच्या परवान्यासाठी चाळिशी उलटल्यावर नवशिक्या डॉक्टरांच्या पंगतीत परीक्षेला बसावे लागले. परीक्षा देऊन ते न्यूयॉर्कला स्थिरावले आणि ब्रुकलिनच्या ज्यू रुग्णालयात व मायमॉनिडीज रुग्णालयात शल्यविभागाचे प्रमुख झाले. न्यूयॉर्कमधील एका रुग्णाचे छातीत सरकलेले जठर खाली ओढून त्यांनी ते पोटाच्या पुढच्या भिंतीला शिवून टाकले. जळजळीवर इलाज शोधण्याच्या दिशेने हे त्यांचे आणखी एक पाऊल होते. परंतु जठर नुसते खाली बांधून ठेवल्याने काम भागते का, याविषयी त्यांचे समाधान झाले नव्हते.

डिसेंबर १९४८ मध्ये त्यांच्याकडे आलेला रुग्ण प्रिन्स्टनहून आला होता आणि तोही बर्लिन सोडून आलेला निर्वासित होता. आइन्स्टाइन यांना वर्षानुवर्षे पोटदुखीचे झटके येत असत. निस्सेन यांनी ब्रुकलिनमध्ये पोट उघडले, तेव्हा महारोहिणीवर मोठ्या मोसंब्याएवढा फुगवटा आढळला. ती भिंत कधीही फुटू शकत होती. असा फुगवटा कापून तेथे नवा तुकडा जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला १९५१ साल उजाडायचे होते. ती पॅरिसमध्ये झाली. १९४८ मध्ये हाताशी होता तो सेलोफेन, वेष्टनाचा तोच चकचकीत कागद. तो रोहिणीभोवती गुंडाळला, की शरीर त्या परक्या वस्तूभोवती व्रणाची जाड साल तयार करते आणि फुगवट्याला बाहेरून कवच मिळते. उपाय तात्पुरता होता, हे करणाऱ्यालाही ठाऊक होते. त्या वेष्टनावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला, तेव्हा त्यांनी नव्या शस्त्रक्रियेला ठाम नकार दिला आणि १८ एप्रिलला देह ठेवला.

तोवर निस्सेन युरोपात परतले होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाने त्यांना शल्यचिकित्सेचे अध्यासन दिले. राइन नदीच्या काठावरचे हे शहर जर्मनीच्या अगदी सीमेवर आहे. भाषा त्यांची, देश मात्र दुसरा. ही निवड अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

जळजळीच्या शस्त्रक्रियेचा विचार तेव्हा हर्नियाभोवती फिरत होता. इंग्लंडमध्ये लीड्स येथील फिलिप अॅलिसन यांनी १९५१ मध्ये आम्लाने होणारा अन्ननलिकेचा दाह आणि हायटस हर्निया यांचा संबंध मांडला आणि श्वासपटलाचे छिद्र शिवून शरीररचना पूर्ववत करण्याची पद्धत सांगितली. ती लोकप्रिय झाली. पुढे १९७३ मध्ये खुद्द अॅलिसन यांनीच वीस वर्षांचा आढावा घेऊन जवळजवळ निम्म्या रुग्णांत हर्निया परत आल्याचे प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावाच्या शस्त्रक्रियेचा असा पंचनामा करणारे वैद्य विरळाच. रचना पूर्ववत करणे पुरेसे नाही, आम्ल रोखणारी झडप तयार करायला हवी, ही गोष्ट त्या आकड्यांनी उशिरा सिद्ध केली. निस्सेन यांना तिची चाहूल इस्तंबूलच्या तरुणाने आधीच दिली होती.

डिसेंबर १९५५ मध्ये बाझेलला एकोणपन्नास वर्षांची एक स्त्री तीव्र जळजळीची तक्रार घेऊन आली. तिला हर्निया नव्हता, त्यामुळे शिवायला काही नव्हते. निस्सेन यांनी पोट उघडले, अन्ननलिकेत जाड नळी ठेवली आणि जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या खालच्या सहा सेंटिमीटरभोवती मफलरसारखा लपेटून काही टाक्यांनी पुढे जोडून टाकला. आत ठेवलेल्या नळीमुळे वेढा गरजेपेक्षा आवळला जात नाही. काहीही कापून टाकले नाही, बाहेरून काही बसवले नाही. जेवणानंतर जठरात दाब वाढला, की तोच दाब या वेढ्यातून अन्ननलिकेचे टोक मिटवतो. म्हणजे जे बळ आम्लाला वर ढकलते, तेच त्याची वाट अडवते.

१९५६ मध्ये एका स्विस वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण अवघे दोन होते, आणि शीर्षकात त्यांनी या शस्त्रक्रियेला साधी म्हटले होते. जठराच्या त्या भागाचे लॅटिन नाव फंडस, म्हणून पुढे फंडोप्लिकेशन, म्हणजे फंडसची घडी, हा शब्द रूढ झाला.

साधेपणाच्या पोटात काही अडचणीही होत्या. सहा सेंटिमीटरचा घट्ट वेढा आम्लाबरोबर ढेकरही अडवतो. घास अडखळणे, पोट फुगणे, ओकारी न होणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण परत येऊ लागले. बाझेलमधील त्यांचे शिष्य मारिओ रोसेट्टी यांनी जठराच्या पुढच्या भिंतीचा वापर करून पद्धतीत बदल केला. फ्रान्समध्ये तुपे यांनी १९६३ मध्ये अन्ननलिकेला मागून अर्धवट वेढा देण्याची रीत मांडली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत वेढा सैल करण्यात आला आणि त्याची लांबी एक-दोन सेंटिमीटरवर आली. आज निस्सेन यांच्या नावाने जी शस्त्रक्रिया होते, ती १९५५ च्या शस्त्रक्रियेची बरीच बदललेली आवृत्ती आहे.

निस्सेन १९६७ मध्ये निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावाचा अर्थ उजळ पाने, काळोखी पाने असा होतो. २२ जानेवारी १९८१ रोजी बाझेलजवळील रीहेन येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या सुमारास त्यांची शस्त्रक्रिया मागे पडण्याच्या मार्गावर होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये. छातीच्या हाडापासून बेंबीकडे जाणारा मोठा छेद, आठवडाभराहून अधिक रुग्णालयातील वास्तव्य, त्या छेदातून पुढे उद्भवणारा हर्निया, हे सारे जळजळीसाठी कोण सोसणार? शिवाय १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले. जठरातील आम्लनिर्मितीच खुडून काढणाऱ्या या गोळीपुढे शल्यचिकित्सकाची सुरी बोथट वाटू लागली.

सुरीला तारले ते दुर्बिणीने. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूह यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात तेहमटन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत होते. १९९० मध्ये त्यांनी भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात केली. १९९१ मध्ये बेल्जियममधील लिएज येथून बर्नार्ड डालमान्य आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून केलेले निस्सेन फंडोप्लिकेशन प्रसिद्ध केले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बोटभरही रुंद नसलेल्या चार-पाच छिद्रांतून दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारे आत सोडायची, यकृत बाजूला धरायचे, श्वासपटलाचे छिद्र शिवून आवळायचे आणि मग जठराची कड अन्ननलिकेच्या मागून ओढून पुढे टाके घालायचे. ही जागा बरगड्यांखाली खोल दडलेली असते. उघड्या शस्त्रक्रियेत जिथे डोळा कष्टाने पोहोचे, तिथे दुर्बीण सहज जाते आणि पडद्यावर सारे मोठे करून दाखवते. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागले. निस्सेन यांच्या पश्चात दहा वर्षांनी त्यांची घडी पूर्वी कधी नव्हती इतकी घराघरात पोहोचली.

ती कायम टिकते का? नेहमीच नाही. स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १८ टक्के रुग्णांत आम्ल पुन्हा वर येऊ लागले आणि त्यातील बहुतेकांना परत गोळ्या सुरू कराव्या लागल्या. ज्यांना गोळ्यांनी चांगला गुण येतो, त्यांच्यासाठी गोळी आणि घडी यांचे तागडे बरेचसे समतोल राहते. प्रश्न उरतो तो गोळ्यांनी गुण न येणाऱ्यांचा.

त्याचे उत्तर शोधणारी चाचणी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ओमेप्राझोल घेऊनही छातीत जळजळते, असे ३६६ रुग्ण तेथे पाठवले गेले होते. प्रथम त्यांना तेच औषध पुन्हा, नेमून दिल्याप्रमाणे दोन आठवडे देण्यात आले. एवढ्याने ४२ जणांना आराम पडला. मग अन्ननलिकेची दुर्बीण तपासणी, स्नायूंच्या दाबाचे मापन आणि आम्ल खरोखर किती वेळा वर येते याची नळीद्वारे मोजणी झाली. गळत गळत शेवटी ७८ उरले. त्यांपैकी ज्यांच्यावर दुर्बिणीतून निस्सेन यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांत ६७ टक्क्यांना चांगला गुण आला. वाढीव औषधे घेणाऱ्यांत २८ टक्क्यांना. वगळलेल्यांत ९९ जण असे निघाले, की त्यांच्या छातीत आग होत होती, पण तिचा वर येणाऱ्या आम्लाशी काहीच संबंध नव्हता. त्यांच्या जठराची घडी कितीही कुशल हाताने घातली असती, तरी ती आग शमली नसती.